रंगूनची बोट आणि गिरमिटाची वही

मंडळी, नमस्कार.

तेलुगू मजूर परदेशी कसे गेले, कुणी नेले आणि पुढे त्यांचं काय झालं, हा आजचा विषय. मराठी माणसाला तो अगदीच परका नाही. मुंबईतल्या कामाठीपुऱ्याला नाव मिळालं ते निजामाच्या मुलखातून बांधकामावर आलेल्या कामाठी मजुरांवरून. सोलापूरच्या पूर्व भागात पद्मशाली विणकरांच्या पिढ्या हातमागावर आणि मग यंत्रमागावर गेल्या, घराघरांत बाया विड्या वळत राहिल्या, आणि नारळी पौर्णिमेला मार्कंडेयांचा रथ आजही निघतो. ही मंडळी जमिनीच्या वाटेने आली. समुद्रापलीकडे जाणाऱ्यांसाठी तीन वाटा होत्या: गिरमिट, म्हणजे ‘अ‍ॅग्रीमेंट’, मजुरीचा करार; आणि कंगाणी व मेस्त्री, म्हणजे माणसं गोळा करून नेणारे मुकादम. आजोबा कोणत्या वाटेने गेले, त्यावर आज नातवंडांना मूळ गावाचं नाव तरी ठाऊक आहे का, हे अवलंबून राहिलं. माझ्या मते या सगळ्या इतिहासाची किल्ली इथेच आहे, म्हणून तिथूनच बोलतो.

आधी माणसं निघाली का, ते पाहू. मद्रास इलाख्याचे उत्तरेकडचे जिल्हे म्हणजे गंजाम, विशाखापट्टणम, गोदावरी, कृष्णा, गुंटूर. १८३२-३३ साली गुंटूर भागात भीषण दुष्काळ पडला, १८६६ साली गंजामात, आणि १८७६ ते ७८ या काळात साऱ्या दक्षिणेत. त्यातच १८५२ साली धवलेश्वरमचा बंधारा पुरा झाला आणि गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात भाताची हमखास शेती उभी राहिली. वरच्या कोरडवाहू गंजाम-विशाखापट्टणमकडची माणसं लावणी-कापणीला खाली डेल्ट्यात उतरू लागली. हंगामापुरतं घर सोडायची ही सवय पुढे रंगूनच्या बोटीला उपयोगी पडली.

पहिली वाट गिरमिटाची. ब्रिटिश साम्राज्यात १८३४ साली गुलामगिरी बंद झाली आणि उसाच्या मळ्यांना माणसं हवी झाली. करार साधारण पाच वर्षांचा. भरतीवाल्याला परवाना लागे. तो माणसाला मॅजिस्ट्रेटपुढे उभा करी, तिथे करार वाचून दाखवला जाई, मग मद्रासच्या डेपोत रवानगी, डॉक्टरची तपासणी, प्रोटेक्टरची, म्हणजे परदेशी जाणाऱ्या मजुरांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याची, सही आणि शेवटी पास. वाचून दाखवलेला करार समजला असेलच असं मुळीच नव्हे. पगाराचा आकडा लक्षात राही. गैरहजेरीबद्दलची कपात आणि काम सोडल्यास तुरुंग, हे तिकडे गेल्यावर कळे.

दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीत जाणारं पहिलं जहाज ‘ट्रुरो’ मद्रासहून निघून १६ नोव्हेंबर १८६० रोजी डर्बनला लागलं. तेव्हापासून १९११ पर्यंत १,५२,१८४ माणसं नाताळला गेली, आणि त्यांतली सुमारे दोनतृतीयांश मद्रास बंदरातून. पुरुषाला पहिल्या वर्षी महिना १० शिलिंग, दर वर्षी एकेक शिलिंग वाढत पाचव्या वर्षी १४. करार संपल्यावर जे ना परत गेले, ना पुन्हा करारात अडकले, त्यांच्यावर १८९५ च्या कायद्याने माणशी वर्षाला तीन पौंड कर बसवला. तीन पौंड म्हणजे ६० शिलिंग, पहिल्या वर्षाच्या दराने सहा महिन्यांचा पगार! बायकांवरही, आणि सोळा वर्षांवरचे मुलगे, तेरा वर्षांवरच्या मुलींवरही. बहुतेकांपुढे पुन्हा करारावर अंगठा उठवण्याखेरीज मार्ग उरू नये, हाच त्यामागचा हिशेब होता. नाताळची ही मजूरभरती बंद करण्याचा ठराव केंद्रीय कायदेमंडळात १९१० साली मांडला तो गोपाळ कृष्ण गोखल्यांनी. १९११ च्या जुलैपासून ती थांबली. १९१२ साली गोखले स्वतः दक्षिण आफ्रिकेत गेले आणि या कराचा प्रश्न त्यांनी तिथल्या मंत्र्यांपुढे नेला. १९१३ चा मोठा संप झाल्यावर १९१४ साली कर रद्द झाला. तेलुगू मजुराच्या इतिहासात मराठी माणसाने अभिमानाने सांगावं असं हे पान आहे, आणि आपण ते फारच क्वचित सांगतो.

मॉरिशसला साडेचार लाखांच्या आसपास गिरमिटिये गेले. सर्वांत जास्त कलकत्त्याहून, मग मद्रासहून, आणि सर्वांत कमी मुंबईहून. मराठी कुटुंबं त्या शेवटच्या ओघातली. तेलुगूंना तिथे जुन्या काळी ‘कोरिंगी’ म्हणत, काकिनाड्याजवळच्या कोरिंगा बंदरावरून. १८३९ च्या वादळात ते बंदर उद्ध्वस्त झालं, नाव मात्र टिकलं. आज मॉरिशसमध्ये उगादीची सार्वजनिक सुट्टी असते आणि गणेश चतुर्थीचीही. दोन्ही भाषा तिथल्या शाळांत शिकवल्या जातात.

आता ज्यांच्या घरात, शेजारात किंवा सासरी अशी पाळंमुळं आहेत, त्यांनी शोध कसा घ्यायचा ते सांगतो. गिरमिटियाला वसाहतीत पोचल्यावर एक क्रमांक मिळे. नाव दहा प्रकारे लिहिलं जाई, क्रमांक एकच राही, म्हणून आधी तो शोधा. मुलांच्या जन्मनोंदीत, लग्नाच्या दाखल्यात आईबापांचा क्रमांक पुष्कळदा सापडतो. तो घेऊन मॉरिशसच्या मोका गावी महात्मा गांधी इन्स्टिट्यूटच्या अभिलेखागारात अर्ज करता येतो. नाताळच्या जहाजांच्या याद्या डर्बनच्या विद्यापीठात आहेत, फिजीचे पास सुव्याच्या राष्ट्रीय अभिलेखागारात. नोंदीत बापाचं नाव, वय, जात, उंची, अंगावरच्या खुणा, जिल्हा, तालुका, गाव असं सगळं मिळू शकतं.

अडचण पुढे येते. पहिली जिल्ह्याची. नोंदीतला ‘विझगापटम’ जिल्हा म्हणजे आजचं नुसतं विशाखापट्टणम धरू नका. विजयनगरम १९७९ साली वेगळा जिल्हा झाला. ‘चिकाकोल’ म्हणजे श्रीकाकुलम, आणि ते तेव्हा गंजाम जिल्ह्यात होतं. १९३६ साली ओरिसा प्रांत झाल्यावर गंजामचा मोठा भाग तिकडे गेला. ‘उत्तर अर्काट’ दिसलं की लोक सरळ तामिळनाडूत शोधायला लागतात, पण चित्तूर, चंद्रगिरी, पलमनेर हे तालुके १९११ पर्यंत त्याच जिल्ह्यात होते आणि तिथे तेलुगू कुटुंबं भरपूर. म्हणून जिल्ह्यावर थांबू नका, तालुका वाचा. ‘बिमलीपटम’ म्हणजे भीमुनिपट्टणम, ‘कोकनाडा’ म्हणजे काकिनाडा, ‘एल्लोर’ म्हणजे एलुरू.

दुसरी अडचण नावाची. तेलुगू माणसाचं घराण्याचं नाव, इंटिपेरू, नावाच्या आधी येतं. कारकुनाने ते बहुधा वगळलं. स्वतःचं नाव आणि बापाचं नाव एवढंच उतरवलं. पुढच्या पिढीत आजोबांचं नावच आडनाव झालं. त्यामुळे आडनावावरून गावातली भाऊबंदकी शोधता येत नाही. मात्र दुसरा धागा हाती लागतो. अप्पन्ना, अप्पाडू, अप्पलस्वामी, सिंहाद्री अशी नावं दिसली की विशाखापट्टणमजवळच्या सिंहाचलमच्या नरसिंहाकडे पाहा. त्याला तिथली माणसं सिंहाद्री अप्पन्ना म्हणतात आणि त्याच्या नावाने पोरांची नावं ठेवतात. मॉरिशसमध्ये ही आडनावं आजही भेटतात. एवढ्यावर गाव नक्की होत नाही, पण शोध उत्तर आंध्राकडे वळतो. तिसरं: ‘मद्रासी’ असा शेरा असला तर तो बंदराचा, भाषेचा नव्हे.

फिजीला दक्षिणेतून माणसं उशिरा, १९०३ पासून जाऊ लागली. एकूण ६०,९६५ पैकी सुमारे १५ हजार मद्रास इलाख्यातली. तमिळ आणि तेलुगू मिळून १९२६ साली ‘संगम’ ही संस्था स्थापन झाली. तेलुगूंनी १९४१ साली आपला वेगळा आंध्र संगम काढला. तरी बोलण्यात फिजी हिंदीच आली. मळ्यावर उत्तरेकडची बोली रुळल्यावर हे लोक पोचले होते.

कंगाणीची वाट मलायाची. मळ्यावरचाच एक जुना मजूर मालकाचे पैसे घेऊन गावी येई आणि भाऊबंद, शेजारी गोळा करून नेई. माणशी मोबदला त्याला मिळे. कायद्याने मजूर महिन्याची नोटीस देऊन मोकळा, प्रत्यक्षात कंगाणीच्या कर्जात. तेलुगू कुटुंबं रबर आणि नारळाच्या मळ्यांवर गेली. पेराक राज्यातलं बगान दातोह हे त्यांतलं जुनं ठिकाण. मळ्यावरची शाळा बहुतेक तमिळ, म्हणून मुलं तमिळ शिकली. १९३८ साली भारत सरकारने ही भरती बंद केली. मलेशियातल्या तेलुगूंनी १९५५ साली संघटना उभारून भाषेचे वर्ग चालवले, ते याच गळतीमुळे.

आता ब्रह्मदेश. इथे जरा थांबू या, कारण तेलुगू मजुरांचा सर्वांत मोठा ओघ इकडेच गेला आणि त्याच्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं. १८५२ च्या युद्धानंतर दक्षिण ब्रह्मदेश इंग्रजांकडे आला. १८६९ साली सुवेझ कालवा उघडला आणि इरावतीच्या खोऱ्यातला तांदूळ युरोपात जाऊ लागला. रंगूनच्या गिरण्या आणि गोदी यांना हमाल हवे होते. काकिनाडा, विशाखापट्टणम, भीमुनिपट्टणम, कलिंगपट्टणम, गोपाळपूर या बंदरांतून ब्रिटिश इंडिया कंपनीच्या आगबोटी सुटत. डेकवरचा प्रवास अवघ्या काही दिवसांचा. आपल्याकडची भातकापणी आटोपली की निघायचं, गिरण्यांचा हंगाम धरायचा, जमलं तर पावसाआधी घरी यायचं. १९३१ च्या शिरगणतीत ब्रह्मदेशात दहा लाखांवर भारतीय होते आणि त्यांत दीड लाखाच्या वर तेलुगू. चार लाखांच्या रंगून शहरात निम्म्याहून जास्त वस्ती भारतीयांची. पोती वाहणारा, रिक्षा ओढणारा, मैला उचलणारा माणूस बहुतेक तेलुगू.

त्याला नेणारा मेस्त्री. पद्धत अशी होती: जहाज कंपनीचं काम स्टीव्हडोरकडे, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या ठेकेदाराकडे, त्याच्याखाली हेड मेस्त्री, त्याच्याखाली चार्ज मेस्त्री, मग टोळीचा मेस्त्री, आणि सर्वांत खाली हमाल. मजुरी याच पायऱ्यांनी खाली उतरे आणि प्रत्येक पायरीवर काही कापलं जाई. गावात दिलेली उचल आणि तिकिटाचे पैसेही त्यातूनच वसूल. काम रोज मिळेलच असं नाही, पण खाण्याचा आणि निजण्याच्या जागेचा खर्च रोजचा. म्हणून एका हंगामासाठी आलेला माणूस तीन-चार वर्षं अडकून पडे.

ब्रह्मदेश १९३७ पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानचाच प्रांत होता. म्हणजे काकिनाड्याहून रंगूनला जाणं कायद्याने परदेशगमनच नव्हतं. प्रोटेक्टर नाही, करार नाही, पास नाही, बायकांचं प्रमाण ठरवणारा नियम नाही. गिरमिटाच्या जहाजावर शंभर पुरुषांमागे चाळीस बायका लागत. रंगूनला पुरुषच जात. गिरमिट जुलमी होतं, यात शंका नाही. पण त्या जुलमाची वही राहिली. मेस्त्रीच्या वहीत उचल लिहिलेली असे, गाव नाही, आणि त्या वह्याही उरल्या नाहीत.

१९३० च्या मे महिन्यात रंगूनच्या गोदीतल्या तेलुगू हमालांनी मजुरीसाठी संप केला. कंपन्यांनी बर्मी मजूर लावले. काही दिवसांत तेलुगूंशी तडजोड झाली आणि २६ मेच्या सकाळी बर्मी मजूर कामावर आले तर त्यांना परत जायला सांगितलं गेलं. तिथेच मारामारी पेटली आणि शहरभर पसरली. सरकारी आकड्यानेच शंभरावर माणसं मेली, बहुतेक तेलुगू. दोन्ही गटांना एकमेकांसमोर उभं केलं ते कंपन्यांनी, आणि मेले हमाल. २३ डिसेंबर १९४१ ला जपानी बॉम्ब पडले आणि मजूर पळू लागले, तेव्हा गोदी चालू राहावी म्हणून धडधाकट पुरुषांना डेकचं तिकीट नाकारण्यात आलं. मग लाखो भारतीय आराकानच्या डोंगरांतून आणि तामूमार्गे मणिपूरकडे पायी निघाले. कॉलऱ्याने, भुकेने वाटेत किती मेले याची मोजणी कुणी केली नाही. उरलेल्यांवर १९६४ च्या सुमारास पाळी आली. दुकानं राष्ट्रीय झाली, मोठ्या नोटा रद्द झाल्या, आणि सुमारे तीन लाख भारतीयांनी देश सोडला. विशाखापट्टणमच्या कंचरपालेम भागातल्या एका वस्तीला आजही बर्मा कॅम्प म्हणतात.

अमेरिकेतल्या तेलुगू मंडळींची हकीकत आपल्याला घरचीच असल्याने तिच्यावर वेळ घालवत नाही. आखाताबद्दल मात्र बोलायलाच हवं. जगतियाल, निजामाबाद, करीमनगरची माणसं दुबईला, कडप्पा आणि गोदावरी जिल्ह्यांतल्या बाया कुवेतला घरकामाला जातात, आणि शेकडो जण नोंदीविनाच जातात. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर आखाती देशांत कामाला जाण्यासाठी सरकारी परवानगी लागते. ती टाळायला एजंट व्हिजिट व्हिसावर पाठवतात. तिथे काम सुरू होतं, पण ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर नोंद नसते, करार नसतो, विमा नसतो. घरकामाला जाणारी बाई तीस वर्षांखालची असेल तर परवानगीच मिळत नाही, म्हणून वय वाढवून कागद केले जातात आणि पुढे त्याच कागदांनी तिची अडवणूक होते.

आपल्या मंडळाच्या मदतफळीकडे असा माणूस आला, तेलुगू असो की मराठवाड्याचा, तर आधी चार गोष्टी विचारा. व्हिसा कोणता. एजंटचा नोंदणी क्रमांक काय. किती पैसे घेतले. कायद्याने एजंटला ३० हजार रुपये आणि वर जीएसटी, एवढेच घेता येतात. आणि प्रवासी भारतीय बीमा योजनेची पॉलिसी आहे का. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५, संरक्षण १० लाखांचं. पासपोर्ट मालकाने ठेवून घेतला असेल तर त्याच्या फोटोवरूनही दूतावासात तक्रार घेतली जाते. परराष्ट्र खात्याच्या ‘मदद’ पोर्टलवर ती नोंदवून क्रमांक घ्या. परतीच्या तिकिटासाठी किंवा मृतदेह पाठवण्यासाठी दूतावासाचा कल्याण निधी असतो, पण अर्ज कुणीतरी करावा लागतो. मृत्यूच्या प्रकरणात विमा बहुधा अडतो तो घरच्यांना पॉलिसीचा क्रमांक ठाऊक नसल्याने. तेव्हा माणूस धडधाकट समोर बसलेला असतानाच त्याच्या पॉलिसीचा, कराराचा आणि पासपोर्टच्या पहिल्या-शेवटच्या पानाचा फोटो त्याच्याच फोनवरून त्याच्या गावी पाठवायला लावा.