जेरेमी बॅम्बर खुनी की बळीचा बकरा? सगळं अडलंय एका फोनवर

नमस्कार मंडळी! आज जी केस घेतलीय तिच्यावरून इंग्लंडमध्ये चाळीस वर्षं लोक भांडतायत आणि अजून मिटायचं नाव नाही. जेरेमी बॅम्बर. आई, वडील, बहीण आणि बहिणीची सहा वर्षांची जुळी पोरं, अशा पाच जणांच्या खुनासाठी हा माणूस जन्मठेप भोगतोय, आणि जन्मठेप म्हणजे खरोखरची, मरेपर्यंत बाहेर नाही. आणि पहिल्या दिवसापासून तो एकच सांगतोय की मी नाही केलं.

आता ह्या केसवरचे व्हिडिओ बघितलेत तर थंबनेलवर हमखास काय असतं? दत्तक मुलाने अख्खं कुटुंब संपवलं. ते दत्तक प्रकरण आधी बाजूला ठेवा, प्लीज, कारण बहीणसुद्धा दत्तकच होती. नेव्हिल आणि जून बॅम्बर ह्या शेतकरी जोडप्याला मूल नव्हतं, त्यांनी आधी शीलाला घेतलं, काही वर्षांनी जेरेमीला, दोघं वेगवेगळ्या घरांतून आलेली. आणि त्या रात्री संशय घ्यायला माणसं दोनच, जेरेमी किंवा शीला, तिसरं कोणी होतं असं ना पोलीस म्हणतात ना बचाव पक्ष. म्हणजे खुनी कोणीही धरा, तो दत्तकच निघणार. मग त्यावरून आपल्याला कळलं काय, तर काही नाही. तरी हेडलाइनमध्ये "दत्तक" फक्त मुलालाच चिकटतं, हे मला जरा खटकतं.

बरं, रात्र बघूया. ७ ऑगस्ट १९८५ ची पहाट. एसेक्समध्ये टॉलशंट डार्सी नावाचं गाव, त्याच्या बाहेर शेतात व्हाइट हाउस फार्म. (स्क्रीनवर नकाशा.) आत नेव्हिल आणि जून, दोघं एकसष्टचे, आणि त्यांच्याकडे राहायला आलेली शीला, वय २८, तिची पोरं डॅनियल आणि निकोलस. जेरेमी २४ वर्षांचा, तीनेक मैलांवर गोल्डहँगरला वेगळा राहायचा. साडेतीनच्या आसपास तो चेम्सफर्डच्या पोलीस स्टेशनला फोन करतो, म्हणतो, बाबांचा फोन आला होता, लवकर ये, तुझी बहीण वेडी झालीय आणि तिच्या हातात बंदूक आहे, आणि मग लाईन गेली.

पोलीस येतात, तोही येतो. आणि मग सगळे बाहेर थांबून राहतात, कारण आत बंदूकवाली बाई आहे असं समजून. आतला फोन क्रेडलवरून खाली काढलेला, ऑपरेटरने लाईन ऐकली तर कुत्रं भुंकतंय, बाकी काही नाही. उजाडल्यावर, आठ वाजायच्या जरा आधी, दार फोडून आत जातात तर पाचही जण मेलेले. नेव्हिल किचनमध्ये, गोळ्यांशिवाय बंदुकीच्या दस्त्याने मारहाण झालेली, दस्ता तुटलेला. सव्वासहा फुटी माणूस तो, एकेकाळचा एअरफोर्सचा पायलट. जून वर बेडरूममध्ये. पोरं आपापल्या बिछान्यात, बहुतेक झोपेतच गेली. आणि शीला आईवडिलांच्या खोलीत जमिनीवर, अंगावर रायफल, बाजूला बायबल, गळ्यात दोन गोळ्या.

एकूण किमान पंचवीस गोळ्या, पॉइंट २२ ची सेमी-ऑटोमॅटिक रायफल, मॅगझिन दहाचं. म्हणजे ज्याने कोणी केलं त्याने मधे थांबून कमीत कमी दोनदा गोळ्या भरल्या. हे जरा लक्षात असू द्या.

पोलिसांनी त्याच दिवशी ठरवून टाकलं की शीलाने सगळ्यांना मारलं आणि मग स्वतःला. आणि वरवर बघितलं तर चूक वाटत नाही. तिला स्किझोफ्रेनियाचं निदान झालेलं, त्याच वर्षी मार्चमध्ये हॉस्पिटलमधून घरी आलेली, आई म्हणजे सैतान, पोरं म्हणजे सैतानाची, असले विचार तिच्या डोक्यात येऊन गेलेले. पण तिच्या डॉक्टरांनी कोर्टात सांगितलं की बापाला किंवा पोरांना ती असं काही करेल हे मला पटत नाही.

तर केस सुटली म्हणून पोलिसांनी काय केलं? रक्ताने भिजलेल्या गाद्या, चादरी, कार्पेट जाळून टाकले. हो, जाळले! घरच्यांना त्रास नको म्हणून. थोड्याच दिवसांत नेव्हिल, जून आणि शीला तिघांचं दहन झालं. म्हणजे महिन्याभराने जेव्हा केस फिरली तेव्हा परत तपासायला ना मृतदेह, ना खोली. आज जे "नवे पुरावे, नवे पुरावे" चाललंय ना, त्यातला अर्धा गोंधळ ह्या एका मूर्खपणामुळे आहे, माझं स्पष्ट मत.

केस फिरली दोन गोष्टींनी. पहिली सायलेन्सर, म्हणजे आवाज दाबायला बंदुकीच्या तोंडाला लावतात ती नळी.

१० ऑगस्टला, म्हणजे पोलीस घर तपासून गेल्यावर, जेरेमीच्या मावसभावाला खालच्या मजल्यावरच्या बंदुकीच्या कपाटात सायलेन्सर सापडला. त्यावर लाल रंग, जो किचनमधल्या शेगडीवरच्या फळीच्या रंगाशी जुळला, आणि आत रक्त. लॅबने सांगितलं रक्तगट शीलाशी जुळतो. आता ह्यातून सरकारी वकिलांनी जे मांडलं ते खरंच जबरदस्त आहे. शीलाला गोळी लागताना सायलेन्सर रायफलला लावलेला होता. सायलेन्सर लावल्यावर रायफल इतकी लांब होते की नळी गळ्याला टेकवून तिचा हात ट्रिगरपर्यंत पोचत नाही. आणि समजा पोचला, तरी मेल्यावर ती जिना उतरून खाली आली, सायलेन्सर काढून कपाटात ठेवला आणि परत वर जाऊन आडवी झाली का? झालं, शीला बाद. आणि शीला बाद म्हणजे जेरेमीच.

पण हा सायलेन्सर पोलिसांच्या हातात आला १२ तारखेला, तोपर्यंत नातेवाइकांच्या घरी. त्याला चिकटलेला एक करडा केस लॅबपर्यंत पोचायच्या आधी हरवला. आणि हे नातेवाईक कोण, तर जेरेमी दोषी ठरला की इस्टेट ज्यांच्याकडे जाणार ते. त्यांनी मुद्दाम काही केलं हे कोर्टात कधी टिकलं नाही आणि मीही तसं म्हणत नाहीये, ज्यांच्या घरातली पाच माणसं गेली ते शोधाशोध करणारच. पण पुरावा असा आला की बोट दाखवायला जागा राहतेच. आणि १९८५ मध्ये डीएनए नव्हतं, फक्त रक्तगट. नेव्हिल आणि जून दोघांचं रक्त मिसळून तसा रिझल्ट येऊ शकेल का, हा प्रश्न खटल्यात निघाला होता, आणि ज्युरीने निकालाआधी खास ह्याच रक्ताबद्दल जजकडे विचारणा केली, उत्तर मिळालं आणि थोड्याच वेळात निकाल. पुढे डीएनए आल्यावर परत तपासलं तर जूनचं डीएनए निघालं, शीलाचं असूही शकेल असं, वर कोणा पुरुषाचं. २००२ मध्ये अपील कोर्ट म्हणालं की इतक्या लोकांनी इतकी वर्षं हाताळलेल्या वस्तूवरच्या ह्या रिझल्टला काही अर्थच नाही. बरोबरच आहे ते. पण मग त्यातून ना जेरेमी सुटतो ना अडकतो, सायलेन्सर आता कोणाच्याच कामाचा राहिला नाही असं मला वाटतं. कोर्टाला तसं वाटलं नाही हेही सांगतो.

दुसरी गोष्ट गर्लफ्रेंड. सप्टेंबरमध्ये ती पोलिसांकडे गेली आणि म्हणाली की जेरेमी कित्येक महिने घरच्यांना संपवायचं बोलत होता, त्या रात्री फोन करून म्हणाला आज नाही तर कधीच नाही. आधी मात्र ती त्याच्या बाजूने बोललेली. मधल्या काळात दोघांचं फाटलं होतं. तिने असंही सांगितलं की जेरेमीने भाड्याचा मारेकरी लावला म्हणाला, नावही दिलं, आणि तो माणूस त्या रात्री भलतीकडेच होता हे सिद्ध झालं. निकालानंतर तिने पेपरला मुलाखत विकली, २५ हजार पाउंडांना. हे सगळं तिच्या विरोधात जातं. पण खोटं रचणारी बाई सहज खोटा ठरेल असा मारेकरी कशाला रचेल? जेरेमीनेच तिला ती थाप मारली असेल, हे मला जास्त पटतं. तरी नुसत्या तिच्या शब्दावर पाच खुनांची शिक्षा? नाही हो.

बाकी तो अंत्यविधीला रडला की नाटक केलं, नंतर मित्राबरोबर फ्रान्सला मजा मारायला गेला, बहिणीचे फोटो विकायला बघितले, घरच्यांच्याच कॅरॅव्हॅन साइटच्या ऑफिसात चोरी केली, हे सगळं मी एका वाक्यात उरकतोय कारण ह्यातून एवढंच कळतं की माणूस भला नव्हता. चोरी त्याने कबूलही केलीय. नालायक असणं आणि पाच खून करणं ह्यात बरंच अंतर आहे.

आता येतो फोनवर, कारण माझ्या मते अख्खी केस तिथेच आहे, आणि दोन्हीकडचे लोक त्याच्यावरून पटकन पुढे पळतात. खटल्याच्या जजने, ड्रेक नाव त्यांचं, ज्युरीपुढे जे तीन कळीचे प्रश्न ठेवले त्यातला हा एक होता. नेव्हिलने खरंच मुलाला फोन केला का? केला असेल तर खेळ खलास, शीलाच. नसेल केला, तर जेरेमीने तो फोन मनातून रचला, आणि आत मेलेली माणसं आहेत हे ठाऊक असल्याशिवाय असा फोन पहाटे तीनला कोण रचेल? मधली वाटच नाही. घटना त्याने स्वतःच अशी सांगितलीय की एक तर तो पूर्ण खरा किंवा पूर्ण खोटा.

मग फोन सिद्ध होतो का? त्या काळी गावातल्या लोकल कॉलची नोंद राहत नव्हती, त्यामुळे तो रस्ता बंद. सरकारी वकील म्हणाले नेव्हिलला वरच्या मजल्यावर आधीच तोंडाला, घशाला गोळ्या लागल्या होत्या, तो बोलणार कसा. आणि बोलू शकत होता तर पोलिसांना का नाही लावला? जेरेमीचं म्हणणं, घरातली गोष्ट बाहेर जाऊ नये म्हणून. हे मला अजिबात अशक्य वाटत नाही, मुलीच्या मानसिक आजाराबद्दल बाप आधी घरातल्याच कोणाला तरी फोन करणार, आणि नेव्हिल तर तिकडचा मॅजिस्ट्रेट, चारचौघांत नाव असलेला माणूस. पण मग जेरेमीने काय केलं? त्यानेही इमर्जन्सीचा ९९९ लावला नाही, डिरेक्टरीतून पोलीस स्टेशनचा नंबर शोधला. त्याच सुमारास लंडनला गर्लफ्रेंडलाही फोन केला. आणि गाडी काढून निघाला ती इतकी सावकाश की मागून आलेली पोलिसांची गाडी त्याला ओव्हरटेक करून पुढे गेली. आत बहीण बंदूक घेऊन उभी, भाचे झोपलेले, आणि हा रमतगमत. घाबरला होता म्हणतो. असेलही, पण मला इथे अडखळायला होतं.

आता त्याच्या समर्थकांचा हुकमी एक्का. पोलिसांच्या कागदपत्रांत त्या पहाटेच्या फोनच्या दोन नोंदी आहेत. (दोन्ही नोंदी शेजारी शेजारी.) एकीत जेरेमीचा फोन. दुसरीत लिहिलंय मिस्टर बॅम्बर, व्हाइट हाउस फार्म, मुलगी शीला, तिने माझी एक बंदूक घेतलीय. "माझी"! म्हणजे बापाने स्वतः पोलिसांना फोन केला होता आणि तो दडवला, असा त्यांचा दावा. पहिल्यांदा वाचलं की अंगावर काटा येतो, खोटं नाही सांगत. पण तोच कागद थोडा खाली वाचा. तिथे लिहिलंय की फोन बंद पडल्यावर हा निरोप मिस्टर बॅम्बरच्या मुलाने दिला. म्हणजे जेरेमीने स्टेशनला सांगितलं, स्टेशनने कंट्रोल रूमला, आणि तिथल्या माणसाने ऐकीव निरोप बापाच्या तोंडी लिहिला. व्हिडिओंमध्ये वरची ओळ पिवळी करून दाखवतात आणि खालची कापतात, हे काही बरोबर नाही.

म्हणून मला विचाराल तर, त्यानेच केलं असावं. शीलाच्या हातावर शिशाचे कण जेमतेम सापडले, दोनदा मॅगझिन भरणाऱ्याचे हात तसे राहत नाहीत. नखं धड. सव्वासहा फुटी बापाशी मारामारी करून? आणि वर तो फोन.

पण "असावं" म्हणतोय मी. ज्युरीतही दहा विरुद्ध दोन असाच निकाल आला होता, २८ ऑक्टोबर १९८६ ला, तिकडे तेवढं बहुमत चालतं. बारातल्या दोघांची खात्री पटली नाही. जजने किमान २५ वर्षं सांगितली, पुढे गृहमंत्र्यांनी ती आयुष्यभर केली. आणि गंमत बघा, युरोपच्या मानवाधिकार कोर्टात २०१३ ला ज्या तिघांच्या अर्जावर ठरलं की फेरविचाराची काहीच सोय नसलेली जन्मठेप अमानुष आहे, त्या तिघांतला एक हाच बॅम्बर. सुटका मात्र झाली नाही.

आता सगळं आहे फेरतपासणी आयोगाकडे, चुकीच्या शिक्षांची प्रकरणं परत कोर्टात पाठवायची की नाही हे तो ठरवतो. २०१२ मध्ये त्यांनी नाही म्हटलं. २०२१ ला जेरेमीच्या वकिलांनी नवा अर्ज दिला, दहा मुद्दे, आणि २०२५ मध्ये त्यातल्या पहिल्या चार मुद्द्यांवर आयोग म्हणाला की ह्यावर केस पाठवणार नाही. पण ह्या आयोगाची स्वतःचीच अब्रू सध्या पणाला लागलीय. अँड्र्यू माल्किन्सन नावाचा माणूस न केलेल्या बलात्कारासाठी सतरा वर्षं आत होता, आयोगाने त्याला दोनदा परत पाठवलं, शेवटी २०२३ मध्ये डीएनएवर त्याची शिक्षा रद्द झाली आणि त्या प्रकरणावरून आयोगाच्या अध्यक्षांना राजीनामा द्यावा लागला. त्यामुळे आयोगाने नाही म्हटलं म्हणजे विषय संपला, असं आता तिकडे कोणी ऐकून घेत नाही, माझ्यासारखे जेरेमीला दोषी मानणारेसुद्धा.

सहा मुद्दे अजून बाकी आहेत. त्यावर काही ठरलं की पुढचा व्हिडिओ करतो, आणि तोपर्यंत ज्यांना तो निर्दोष वाटतो त्यांनी ती गाडी एवढी हळू का चालवत होता, ह्याचं पटेल असं उत्तर खाली लिहा, मी वाचतोय.