जवारीही हवी, खर्जही हवा

घरच्या संगीतयंत्रणेबद्दल दोन तक्रारी नेहमी ऐकू येतात. एकीत आवाज स्वच्छ असतो पण कोरडा, अर्ध्या तासात कान शिणतात. दुसरीत आवाज गोड असतो, पण सगळं दुलईखाली झाकल्यासारखं. मग उपकरणं बदलायला सुरुवात होते. कोरडेपणावर उतारा म्हणून मऊ आवाजाचा अँप्लिफायर, त्यानं सगळं दबलं की चमकदार स्पीकर. हे चक्र संपत नाही, कारण ऊब आणि बारकावे एकाच तराजूच्या दोन पारड्यांत आहेत असं आपण धरून चालतो. तसं ते नाही. दोघांच्या जागा वेगळ्या आहेत आणि बिघडण्याची कारणंही वेगळी.

तानपुरा घेऊ. काळी एक या पट्टीला मिळवलेल्या मर्दानी तानपुऱ्यात खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या सा-ची, तार ६९ हर्ट्झच्या (सेकंदाला ६९ कंपनांच्या) आसपास असते, जोडीच्या तारा १३९ च्या आसपास. आवाजाला अंग, म्हणजेच ऊब, येते ती साधारण १०० ते ३०० हर्ट्झमध्ये. पुरुषी गळ्याचा भरदारपणा इथलाच. जवारीचा, म्हणजे घोडीला तार घासून उठणारा, झणकार मात्र कितीतरी वर, हजार ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात, आणि ‘स’, ‘श’, ‘च’ यांची धार पाच ते आठ हजारांत. म्हणजे अंग भरण्यासाठी झणकार मारावा लागत नाही. उलट, नुसता झणकार उचलून मिळवलेला बारकावा बहुधा फसवा असतो. दोन ते पाच हजारांत कान सर्वांत तीक्ष्ण असतो. तिथे आवाजाची पातळी २ डेसिबलनं वाढली की सगळं ठळक वाटतं, पण नवीन काही ऐकू येत नाही. तार छेडल्यावर तिचा नाद विरत विरत कुठवर जातो, ते कळलं तर तो खरा बारकावा.

आता ऊब जाते कुठे? बहुतेक खोल्यांत ती स्पीकरमागची भिंत खाते. खालचे स्वर खोक्यासमोरच थांबत नाहीत, ते मागे वळतात, भिंतीवर आपटून परत येतात. वूफरपासून (खालचे स्वर वाजवणाऱ्या मोठ्या पडद्यापासून) भिंतीपर्यंतचं अंतर तरंगलांबीच्या पाव असेल, तर परतलेली लाट थेट लाटेच्या नेमकी उलट पडते आणि दोन्ही एकमेकींना खोडतात. हिशेब सोपा आहे : ध्वनीचा वेग ३४३ मीटर प्रति सेकंद, त्याला अंतराच्या चौपटीनं भागा. ६२ सेंटिमीटरला उत्तर येतं १३८ हर्ट्झ. म्हणजे खर्ज ऐकू येतो, जवारीही येते, पण जोडीच्या तारांचं अंग नाहीसं होतं. या खड्ड्याला अँप्लिफायर बदलून उपाय नाही. इक्वलायझरनं (ठरावीक पट्ट्यातला आवाज कमी-जास्त करणाऱ्या सोयीनं) तिथे भर घालूनही नाही, कारण थेट लाट वाढवली की परतणारीही तेवढीच वाढते, आणि १० डेसिबल वाढीसाठी अँप्लिफायरला दहापट शक्ती द्यावी लागते.

उपाय जागेचाच. स्पीकर एका वेळी १० सेंटिमीटर सरकवून ऐका. ९० सेंटिमीटरवर खड्डा ९५ हर्ट्झला उतरतो, दीड मीटरवर ५७ ला. खोली लहान असेल तर उलट दिशेनं जा. ३० सेंटिमीटरवर तो २८६ हर्ट्झला चढतो आणि तिथे स्पीकरमागे भिंतीला लावलेलं १० सेंटिमीटर जाडीचं रॉकवूल (आवाज शोषणारी दगडी लोकर) त्याला बरंच बोथट करतं. १३८ हर्ट्झला तेच रॉकवूल फारसं उपयोगी पडत नाही. एक चूक हटकून होते. मागची भिंत, बाजूची भिंत आणि वूफरची जमिनीपासूनची उंची ही तिन्ही अंतरं सारखी ठेवली जातात, मग तिन्ही खड्डे एकावर एक बसतात. ती मुद्दाम वेगवेगळी ठेवा.

बारकावे हरवतात ते बहुतेकदा घुमाऱ्यात. हा घुमारा येतो खोलीच्या अनुनादांतून, म्हणजे ज्या स्वरांना खोली स्वतःच गुंजते त्यांतून. ४ मीटर लांबीच्या खोलीचा पहिला अनुनाद ४३ हर्ट्झला, दुसरा ८६ ला. खालचा जोरकस स्वर वरच्या नाजूक स्वरांना झाकतो, हा कानाचाच धर्म आहे. त्यामुळे घुमारा आवरला की ट्वीटरला (वरचे स्वर वाजवणाऱ्या छोट्या पडद्याला) हातही न लावता वरचं उलगडतं. पाठ भिंतीला टेकवून बसू नका, तिथे हे अनुनाद सर्वांत जोरात ऐकू येतात. सुरुवातीला समोरच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या ३८ टक्के अंतरावर बसून पाहा.

बाजूच्या भिंतीवर आपटून सर्वांत आधी कानाशी येणाऱ्या आवाजाची, म्हणजे पहिल्या परावर्तनांची, जागा शोधायला आरसा वापरा. बसल्या जागेवरून बाजूच्या भिंतीवरच्या आरशात ट्वीटर जिथे दिसेल, तिथे शोषक लावा, तोही १० सेंटिमीटरचा. अडीच सेंटिमीटरचा फोम भिंतभर चिकटवणं ही मला सर्वांत घातक चूक वाटते. तो फक्त वरचे स्वर गिळतो आणि घुमारा जसाच्या तसा ठेवतो. आवाज बोदा होतो, लोक त्यालाच ऊब समजतात.

एवढं झाल्यावर मोजमाप. मापांकित मायक्रोफोन घ्या, बसल्या जागी डोक्याच्या आसपास पाच-सहा ठिकाणी प्रत्येक वारंवारतेची पातळी मोजा, सरासरी काढा. ३०० हर्ट्झखाली दिसणारे उंचवटे इक्वलायझरच्या अरुंद फिल्टरनं (अगदी छोट्याच पट्ट्यावर काम करणाऱ्या) कापा, खड्डे सोडून द्या. त्याच्या वर अरुंद फिल्टर लावू नका. इथे सगळा आलेख पट्टीसारखा सरळ करायचा मोह होतो, आणि मोजमापानंतर आवाज कोरडा होण्याचं कारण तेच. ब्रूएल अँड केयर या डॅनिश कंपनीनं १९७४ मध्येच खोलीसाठी हळूहळू उतरत जाणारी रेषा सुचवली होती. खालून वरपर्यंत एकूण ६ ते ८ डेसिबलचा उतार नैसर्गिक वाटतो. अजून अंग हवं असेल तर २५० हर्ट्झखाली १ डेसिबलची शेल्फ (त्याखालचं सगळं सारखंच उचलणारी वाढ) द्या, दोन दिवस ऐका, मगच पुढे जा.

व्हॉल्व्ह अँप्लिफायरची (काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या जुन्या पद्धतीच्या अँप्लिफायरची) ऊब हा वेगळा विषय आहे. त्याचा आउटपुट इम्पिडन्स (बाहेर पडणाऱ्या प्रवाहाला त्याचा स्वतःचा अडथळा) २ ओहम असेल आणि स्पीकरचा वारंवारतेनुसार ४ ते २० ओहममध्ये फिरत असेल, तर स्पीकरवर पोचणाऱ्या पातळीत २.७ डेसिबलचा फरक पडतो. म्हणजे तो न मागितलेला इक्वलायझरच, आणि दुसऱ्या स्पीकरला जोडला की त्याचा आकार बदलतो. आवडला तर जरूर ठेवा, पण मोजमाप तो जोडूनच करा. तारांचं म्हणाल तर ५ मीटरसाठी २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार पुरे, जाऊन-येऊन रोध ०.०७ ओहम होतो.

दोन उपकरणांची किंवा मांडण्यांची तुलना करताना दोन्हींच्या आवाजाच्या पातळ्या ०.२ डेसिबलच्या आत जुळवा, नाहीतर जरा मोठा आवाज नेहमीच जास्त तपशीलवार वाटतो. आणि तोल रोजच्या पातळीवरच बसवा. कमी आवाजात कानाला खालचे स्वर प्रमाणापेक्षा कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवलं. रात्री हळू आवाजात भरलेलं अंग दिवसा मोठ्या आवाजात घुमू लागतं, म्हणून दोन वेळांसाठी दोन वेगळी सेटिंग साठवून ठेवा.