लष्कराचा जुना जनरेटर, टेक्सासच्या परसात

मंडळी, नमस्कार. चिटणीसांनी मला ‘वीज गेल्यावर काय’ असा विषय दिलाय. मेणबत्त्या, कोरडा खाऊ, ब्लँकेटं यांबद्दल माझ्याहून जाणकार माणसं इथे बसली आहेत, म्हणून मी त्यातला फक्त लोखंडाचा, म्हणजे जनरेटरचा भाग उचलतो.

फेब्रुवारी २०२१ मधलं टेक्सासचं हिमवादळ कुणी विसरलं नसेल. १५ तारखेच्या पहाटे ग्रिड वाचवायला राज्यभर वीज तोडायला सुरुवात झाली. राज्याच्या आकड्यांनुसार त्या वादळात २४६ माणसं गेली. त्यातली काही थंडीने नव्हे, कोंडलेल्या जागेतल्या विषारी धुराने. म्हणून आधीच सांगून टाकतो: जनरेटर घरापासून किमान २० फूट लांब, धुराचं तोंड खिडक्यांच्या विरुद्ध बाजूला. गॅरेजचं दार उघडं ठेवून भागत नाही. यावर चर्चा नको.

त्या वादळानंतर मी लिलावातून एमईपी-८०३ए हा लष्करी जनरेटर घेतला. अमेरिकन सैन्याने १९९० च्या दशकात ‘टॅक्टिकल क्वाएट जनरेटर’ अशी एक पिढी आणली होती, त्यातला हा १० किलोवॅटचा. पुढे सैन्याकडे नवी मालिका आली आणि ही यंत्रं बाहेर पडली. आत लिस्टर-पेटरचं चार सिलिंडरचं, कूलंटवर थंड होणारं डिझेल इंजिन, मिनिटाला १८०० फेरे. दुकानातले स्वस्त जनरेटर ३६०० वर किंचाळतात, हा नुसता गुरगुरतो. वजन पाचशे किलोच्या वर. आणायला चार मित्र पुरत नाहीत, हे मी चार मित्र नेऊन शिकलो.

लिलावाच्या जागी यंत्र सुरू करून दाखवत नाहीत. घरी आणल्यावर कुणाचाही हात सेल्फकडे जातो. थांबा. आधी इंधनाचा रॅक मोकळा आहे का बघा. या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला आपला वेगळा इंजेक्शन पंप असतो आणि चारही पंपांना एकच दांडी, म्हणजे रॅक, कमी-जास्त करते. यंत्र वर्षानुवर्षं उभं राहिलं की आतलं डिझेल वाळून व्हार्निशसारखं चिकट होतं आणि रॅक जागीच बसतो. इंधन बंद ठेवणाऱ्या जागी अडकला तर इंजिन सुरूच होत नाही, ते परवडलं. इंधन पूर्ण सोडणाऱ्या जागी अडकला तर सुरू होतं आणि थांबत नाही, वेग चढतच जातो. म्हणून पहिल्यांदा सुरू करताना हवेचं तोंड दाबायला मी हातात फळी घेऊन उभा असतो. हसू नका, डिझेलचा श्वास कोंडला की ते थांबतं.

माझ्या यंत्राचा रॅक बोटाने हलेना. दोन दिवस गंज सोडवायचं तेल मारत राहिलो. तिसऱ्या दिवशी बारीक कुरकुर झाली आणि रॅक सरकला. हातोडी मारू नका, या पंपांचे भाग फार बारीक मापाचे असतात. मग फिल्टर बदलले, डिझेलच्या नळ्यांतली हवा काढली आणि सेल्फ मारला. सुरू झालं, पण लंगडत. तीनच सिलिंडर पेटत होते. चौथा कुठला? आपल्याकडचा कुठलाही जुना मिस्त्री सांगेल: इंजिन चालू ठेवून एकेका नोझलच्या पाइपचा नट थोडा सैल करा. आवाज पडला तर तो सिलिंडर काम करत होता, फरक पडला नाही तर चोर सापडला. दोन नंबरला आवाज जसाच्या तसा राहिला. त्याच्या पंपाचा दट्ट्या अडकला होता. हातात जाड मोजे आणि डोळ्यांवर चष्मा मात्र हवाच. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत घुसतं, आणि तसं झालं तर जखम सुईएवढी दिसली तरी थेट इस्पितळ गाठायचं.

आता एक किस्सा. एका मित्राने असंच यंत्र घेतलं आणि फोन केला, “इंजिन छान चालतंय, पण व्होल्टेज शून्य. अल्टरनेटर गेला.” मी विचारलं, स्विच स्टार्टवर किती वेळ धरलास? म्हणाला, “इंजिन लागलं की सोडला.” मोटारीची सवय! या यंत्रात इंजिन लागल्यावरही ऑइलचं प्रेशर आणि व्होल्टेज काट्यावर चढेपर्यंत स्विच धरून ठेवायचा असतो. त्याच वेळात बॅटरीची वीज अल्टरनेटरला पहिलं चुंबकत्व देते. लवकर सोडलात तर इंजिन पळतं आणि वीज येत नाही. पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय. या पुस्तिकांचा क्रम मला फार आवडतो: सुरू करण्यापूर्वी काय बघायचं, चालू असताना काय, बंद केल्यावर काय. अठरा वर्षांच्या शिपायाला अंधारात वाचून करता यावं म्हणून लिहिलेल्या आहेत. आपण इंजिनियर लोक ते उघडत नाही.

बॅटरीचं पटकन सांगतो. १२ व्होल्टच्या दोन, मिळून २४. त्यातल्या एकीवरून रेडिओ किंवा चार्जर लावू नका, दोघींचं बिनसतं. दोन्ही एकाच वेळी, एकाच जातीच्या घ्या.

खरं दुखणं मात्र वेगळंच आहे. माझ्या मामाच्या मळ्यात विहिरीवर किर्लोस्करचं इंजिन होतं. हँडल मारून सुरू झालं की मामा त्याला फार वेळ रिकामं चालू द्यायचा नाही. “पाणी ओढू दे त्याला,” म्हणायचा. तेव्हा मला वाटायचं डिझेल वाचवतोय. इथे १० किलोवॅटच्या यंत्रावर आपण एक फ्रिज, चार दिवे आणि वायफाय लावतो, म्हणजे जेमतेम एक किलोवॅट. इंजिन पुरतं तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं आणि सायलेन्सरच्या तोंडातून काळं, ओलं, चिकट काहीतरी ओघळायला लागतं. याला वेट स्टॅकिंग म्हणतात. नोझलवर काजळी धरते, ऑइलमध्ये डिझेल उतरतं. डिपस्टिक हुंगून बघा, कळतं.

यावर इलाज म्हणजे ओझं, म्हणजेच विजेचा लोड. मी पाणी तापवायची जुनी टाकी परसात लावली आहे, ४५०० वॅटची. पाणी भरल्याशिवाय ती चालू करत नाही, आणि वरचा सेफ्टी व्हॉल्व्ह जागेवर आहे. जोडीला १५०० चे दोन हीटर, १२० व्होल्टच्या दोन तारांवर एकेक. झाले साडेसात किलोवॅट. महिन्यातून एकदा दोन तास. पहिल्या वेळी अर्धा तास इतका धूर निघाला, की शेजाऱ्याने कुंपणावरून वाकून विचारलं, सगळं ठीक ना? नंतर धूर फिका होत होत नाहीसा झाला आणि आवाजही गोल झाला.

हां, प्रश्न घेतो. मागून विचारतायत, घराला जोडायचा कसा? दोन्ही टोकांना पिन असलेली केबल भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसून तर मुळीच नाही. ती वीज उलटी खांबावर जाते आणि तिथे कुणीतरी तार जोडत असतं. इंटरलॉक किंवा ट्रान्सफर स्विच, म्हणजे खांबावरची वीज आणि जनरेटर एकाच वेळी घराला जोडू न देणारी सोय, परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच बसवा, न्यूट्रल आणि अर्थ कुठे जोडायचे तेही तोच ठरवेल. आणि यंत्रातला व्होल्टेजचा स्विच १२०/२४० सिंगल फेजवर आहे ना बघा. १२०/२०८ वर राहिला तर तुमच्या एसीला २४० ऐवजी २०८ मिळतील. तो स्विच चालू यंत्रात फिरवायचा नाही.

उद्या शनिवार, माझी लोडची पाळी आहे. दहाला सुरू करतो. ज्यांना बघायचंय त्यांनी या, कपडे जुने घालून या.