बदामीचा कातळ, इरकलीचा पदर

सह्याद्रीच्या काळ्या कातळावर चढाईचा हात बसलेल्याला बदामीचा लाल वालुकाश्म पहिल्या दिवशी परका वाटतो. गवताचे ठोंब नाहीत, सुटे धोंडे कमी. थरांवर थर आणि त्यांत आडव्या खाचा. बोटं आत छान बसतात, पण भिंत बाहेर झुकली की दंड भरून येतात.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा हंगाम. सोलापूर-गदग मार्गावर बदामी स्टेशन लागतं, तिथून गाव पाचेक किलोमीटर. शुक्रवारी रात्री निघालं, तर जोडून आलेल्या सुट्टीत तीन सकाळी हाताशी येतात. चढाई सकाळीच उरकायची. दगड तापला की बोटांना घाम सुटतो आणि पकड निसटते. लेण्यांलगतच्या कड्यांना हात लावायचा नाही. तिसऱ्या लेण्यात इ.स. 578 चा शिलालेख आहे. चालुक्यांनी कोरला तो हाच दगड.

पाऊस पडून गेला असेल तर थांबा. वरून सुकलेली भिंत आतून ओली असते. पाण्यानं वाळूचे कण धरून ठेवणारा सांधा कमजोर होतो, होल्ड, म्हणजे हातानं धरायचा खडकाचा उंचवटा, तुटतो, आणि तुटलेला होल्ड परत येत नाही. पायथ्याची माती चार बोटं उकरून पाहा. ओल लागली तर तो दिवस बाजाराचा.

चढण्याआधी दोराची आठाची गाठ जवळून बघा. दोर हार्नेसमधून, म्हणजे चढणाऱ्याच्या कमरपट्ट्यातून, ओवून आठाचा आकडा पुन्हा गिरवलेला असतो. पाच ठिकाणी दोन-दोन पदर शेजारी-शेजारी दिसले पाहिजेत, टोक वीतभर उरलं पाहिजे. हे बिले देणाऱ्यानं, म्हणजे खालून दोर सांभाळणाऱ्यानं, मोजायचं, तेही मोठ्यानं. 60 मीटरच्या दोरावर अँकरमधून, म्हणजे वरच्या पक्क्या आधारातून, खाली सोडायचं तर उंची 30 मीटरच्या आतच हवी. बिलेकडच्या टोकालाही गाठ हवीच. ती नसली आणि दोर कमी पडला, तर टोक बिलेच्या उपकरणातून सुळकन निघून जातं आणि उतरणारा थेट जमिनीवर येतो. दोराखाली ताडपत्री अंथरा. वाळू भरलेला दोर कॅराबिनरला, म्हणजे तो ओवायच्या धातूच्या कडीला, खाच पाडतो, मग त्याच खाचेची धार दोर कापते.

दुपारी बनशंकरीला जा. देवळाबाहेर बायका बुट्टीतून ज्वारीची भाकरी, दही आणि चटणी विकतात. ऊन उतरलं की गुळेदगुड्ड, वीस-पंचवीस किलोमीटर. महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चोळीला वापरला जातो तो खण इथे विणतात. खण उलटा करून बघा: विणलेल्या नक्षीचे धागे मागच्या बाजूला दिसतात, छापील नक्षीत ते नसतात. पन्हा अरुंद असतो, म्हणून किती कापड लागेल ते शिंप्याला आधीच विचारून या.

तिसरा दिवस इळकलचा. वाटेत अमीनगडला करदंट, म्हणजे डिंक-सुकामेव्याची मिठाई, घ्या. आपण जिला इरकल म्हणतो, तिचं अंग आणि पदर यांचे ताणे, म्हणजे उभे धागे, वेगवेगळे असतात. अंगाच्या ताण्याचा एकेक धागा पदराच्या रेशमी धाग्यात फासा घालून अडकवतात. याला टोप तेनी म्हणतात. प्रत्येक साडीला ही जोडणी नव्यानं करावी लागते, म्हणून सहावारीला सहा वारांचा आणि नऊवारीला नऊ वारांचा ताणा लागतो. दुकानात घडीवरून किंमत ठरवू नका. साडी उलगडायला सांगा, पदर सुरू होतो तिथे उलटी करा आणि त्या आडव्या रेघेवरून बोट फिरवा. फाश्यांची बारीक ओळ हाताला लागते.