गोळी कुठे ठेवता?

समुपदेशकाच्या टेबलापलीकडे बसलेल्या एचआयव्हीबाधित रुग्णाला "गोळ्या नियमित घेता ना?" असे विचारले, की उत्तर बहुधा "हो" असेच येते. डबीतल्या उरलेल्या गोळ्या मोजल्या की ते "हो" कधीकधी डळमळते, आणि मग आपण रुग्णाला फैलावर घेतो. मीही पूर्वी तेच करीत असे. आता मात्र मी आधी एवढेच विचारतो, की गोळी ठेवता कुठे?

दिंडोरी तालुक्यातल्या द्राक्षबागांमध्ये मजुरीला येणाऱ्या एका ताईंनी मला हा प्रश्न शिकवला. हंगामात त्या सात-आठ जणींबरोबर पत्र्याच्या एकाच खोलीत राहत. गोळ्यांची प्लास्टिकची डबी हलली की खुळखुळते आणि "कसल्या गोळ्या गं?" अशी चौकशी सुरू होते, म्हणून त्यांनी गोळ्या कागदात बांधून पिठाच्या डब्यात खुपसून ठेवल्या होत्या. रात्री खोली रिकामी मिळाली तर गोळी, नाहीतर नागा. पुडीतल्या गोळ्यांना दमटपणा लागतो, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. आम्ही डबीत कापसाचा बोळा भरला आणि वेळ बदलून पहाटे पाणी भरायला जाण्याची ठेवली. पुढच्या भेटीत त्यांनी ती डबी माझ्या कानाशी हलवून दाखवली.

1 एप्रिल 2004 रोजी देशात मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीला रोखणारा औषधोपचार, सुरू झाली तेव्हा अनेकांना दिवसातून दोनदा औषध घ्यावे लागे. आज बहुतेक प्रौढांना टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर यांची मिळून एकच गोळी पुरते. औषध सोपे झाले, लपवाछपवी मात्र तशीच राहिली. वारंवार खंड पडला की रक्तातले औषध कमी होते, विषाणू पुन्हा वाढू लागतो आणि त्यातूनच औषधाला न जुमानणारे विषाणू तयार होतात. डोल्युटेग्राव्हिरपुढे हे सहजासहजी घडत नाही, पण म्हणून चालढकल खपते असे नाही. गोळी चुकलीच, तर आठवताच घ्यावी. दोन एकदम घेऊ नयेत.

काही वेळा रुग्ण गोळी चुकवत नाही, तरी व्हायरल लोड, म्हणजे रक्तातले विषाणूंचे प्रमाण, खाली येत नाही. अशा वेळी मी सोबतच्या औषधांची चौकशी करतो. लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या उपाशीपोटी सोबत घेतल्या, तर डोल्युटेग्राव्हिर नीट शोषले जात नाही. ही दोन्ही औषधे एकत्र जेवणासोबत घ्यावीत, किंवा एआरटीची गोळी त्यांच्या दोन तास आधी अथवा सहा तासांनंतर घ्यावी. क्षयरोगावर रिफॅम्पिसिन चालू असेल, तर बारा तासांनी डोल्युटेग्राव्हिरची 50 मिलिग्रॅमची आणखी एक गोळी लागते.

राहता राहिला स्थलांतराचा प्रश्न, आणि आपल्या नाशिक जिल्ह्यात तो मोठा आहे. सुरगाणा-पेठकडची माणसे काम संपले की मुकादमाच्या गाडीत बसून निघून जातात आणि एआरटी सेंटरची तारीख मागेच राहते. गावी कधी जाणार, किती दिवसांसाठी, आणि तिथून जवळचे केंद्र कोणते, हे गाडी ठरण्याच्या आधीच विचारावे, म्हणजे जास्त दिवसांच्या गोळ्या सोबत देता येतात.