सिकलसेल : दुखणं हाडात, धोका छातीत

श्रोतेहो, नमस्कार.

1904 सालच्या डिसेंबरात वॉल्टर क्लेमेंट नोएल नावाचा तरुण शिकागोच्या एका रुग्णालयात खोकला आणि ताप घेऊन आला. ग्रेनाडा बेटावरून तो दंतवैद्यक शिकायला तिथं गेला होता. त्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी दिसल्या आणि 1910 साली डॉ. जेम्स हेरिक यांनी त्यावर लेख छापला. वैद्यकाच्या नियतकालिकांतली सिकलसेलची, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या या आनुवंशिक रक्तविकाराची, ही पहिली नोंद. नोएल पुढे मायदेशी परतला, दाताचा दवाखाना चालवला आणि 1916 साली न्यूमोनियानं गेला.

छातीच्या तक्रारीनं आला, छातीच्याच आजारानं गेला. आपल्याकडे मात्र सिकलसेल म्हटलं की अंगदुखी, सांधेदुखी एवढंच डोळ्यांपुढं येतं. जगाच्या काही भागांत हा विकार दुर्मीळ असेल. गडचिरोली, नंदुरबार, मेळघाटात तो घराघरात ठाऊक आहे. मी आज बोलतोय ते ‘एसएस पॅटर्न’वाल्यांबद्दल, म्हणजे ज्यांना हा दोष आई आणि वडील दोघांकडून आला त्यांच्याबद्दल. ‘एएस’ म्हणजे एकाकडूनच दोष आलेले, वाहक. त्यांना सहसा असा त्रास होत नाही.

दुखण्याचा झटका येतो तेव्हा पेशी वाकड्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. फासळ्या आणि पाठ दुखत असली की माणूस भीतभीत, वरवर श्वास घेतो. फुफ्फुसाचा खालचा भाग फुलत नाही, तिथं प्राणवायू कमी पडतो, आणि प्राणवायू कमी पडला की आणखी पेशी वाकतात. कधी जंतुसंसर्ग भर घालतो, तर कधी हाडाच्या मगजातली चरबी सुटून रक्तावाटे फुफ्फुसात पोचते. याला ‘अॅक्यूट चेस्ट सिंड्रोम’ म्हणतात. एक्स-रेवर नवा पांढरा डाग, सोबत ताप, खोकला, धाप किंवा छातीत दुखणं. सिकलसेलच्या मृत्यूंमागचं हे एक मोठं कारण आहे.

यातली फसवी गोष्ट सांगतो. पुष्कळदा रुग्ण दाखल होतो पाय किंवा पाठ दुखते म्हणून. पहिल्या दिवशी छातीचा एक्स-रे साफ असतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, दुखणं उतरेल अशी आशा असताना, श्वास वाढतो. म्हणून दाखल रुग्णाचा श्वास आणि बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा रोज, पुन्हा पुन्हा पाहावा लागतो. पेशंटचा एरवीचा आकडा घरच्यांनी लिहून ठेवलेला असला तर डॉक्टरांचं निम्मं काम होतं. त्यापेक्षा तीन टक्क्यांनी उतरला तरी दुर्लक्ष करू नये. आशाताईंना बाळाचे श्वास मोजता येतात, त्यांच्याकडून ते शिकून घ्या.

फुंकून नव्हे, आत ओढून गोळे वर उचलायचं ते प्लॅस्टिकचं छोटं यंत्र असतं ना, ते इथं फार कामाचं. जागेपणी दर दोन तासांनी दहा श्वास. वेदनाशामकही पुरेसं हवं. दुखत असेल तर मूल खोल श्वास घेणारच नाही. मात्र गुंगी येईल इतकं झालं तरी श्वास मंदावतो. सलाइनचंही तसंच. ‘आणखी एक बाटली लावा’ असा हट्ट नातेवाईक धरतात, पण जास्त पाणी फुफ्फुसात उतरतं. ‘रक्त चढवून हिमोग्लोबिन बारा करा’ हाही हट्ट नको. आकडा दहाच्या वर गेला की वाकड्या पेशींचं रक्त घट्ट होतं. प्रकृती गंभीर असेल तर जुनं रक्त काढून नवं देतात, त्याची सोय मोठ्या रुग्णालयात असते. तिथं वेळेत पोचणं महत्त्वाचं.

हृदयाची गोष्ट संथ आहे. रक्त कायम कमी, म्हणून हृदय जास्त पंप करतं आणि वर्षानुवर्षांनी मोठं होतं. शिवाय फुटलेल्या पेशींतलं हिमोग्लोबिन रक्तवाहिन्या सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड वायू खाऊन टाकतं, आणि काहींच्या फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांत दाब वाढतो. चढण चढताना पूर्वीपेक्षा लवकर धाप लागते, पाय सुजतात. ‘अशक्तपणा आहे’ म्हणून हे सोडून देऊ नका, टू-डी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्या. या दाबावर सिल्डेनाफिल नावाचं औषध देऊन पाहिलं, तर रुग्णांचे दुखण्याचे झटकेच वाढले आणि तो प्रयोग मध्येच थांबवावा लागला. इतर रुग्णाचं औषध आपल्याला चालेलच असं नाही.

सिकलसेलवरच्या हायड्रॉक्सीयुरिया या औषधाचं तसं नाही. 1995 साली आलेल्या मोठ्या अभ्यासात त्यानं दुखण्याचे झटके आणि हा छातीचा त्रास जवळपास निम्म्यावर आणला. बरं वाटलं म्हणून गोळी बंद करणारे पुष्कळ भेटतात. ती चालू ठेवा, ठरल्या वेळी रक्त तपासा, न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकोकस जंतूवरची लस घ्या. आणि गावाबाहेरच्या कुठल्याही दवाखान्यात गेलात तर तक्रार सांगण्याआधी ‘एसएस’चा कागद टेबलावर ठेवा.

नमस्कार.