गाडी घसरली, उचलली, पुढे काय?

नमस्कार श्रोतेहो.

वळीव सुरू झाला की दुचाक्या घसरायला लागतात. उन्हाळाभर रस्त्यावर सांडलेलं ऑइल, डिझेल, धूळ, यांच्यावर पहिल्या चार सरी पडल्या की त्याचा बुळबुळीत लेप होतो. तासभर दणकून पाऊस झाला की तो बराचसा धुऊन जातो. म्हणून मुसळधार पावसापेक्षा पहिला शिडकावाच जास्त दगा देतो.

मोठ्या अपघाताबद्दल मला आज बोलायचं नाही. वीस-पंचवीसच्या वेगात गाडी आडवी झाली, कोपर खरचटलं, चार माणसं धावत आली, गाडी उभी केली. आपण कपडे झटकले, टाकीवरचा ओरखडा बघून हळहळलो आणि लगेच निघालो. तसं निघू नका. ओरखडा घरी जाऊन बघा. जागेवर बघायच्या त्या तीन गोष्टी: हँडल, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर. पुन्हा सांगते, हँडल, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर.

त्याआधी चावी बंद. गाडी आडवी पडलेली असतानाच बंद. जुनी, कार्बोरेटरची गाडी असेल तर पेट्रोल ओघळतं, टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करा आणि वास जाईपर्यंत थांबा. फ्युएल इंजेक्शनच्या बऱ्याच नव्या गाड्यांत एक सेन्सर असतो. गाडी आडवी झाली की तो इंजिन बंद पाडतो. उभी केल्यावर चावी एकदा बंद करून परत चालू करावी लागते. स्टार्ट होत नाही म्हणजे इंजिन गेलं, असं समजून घाबरू नका.

आता माझ्या भाच्याची गोष्ट सांगते, म्हणजे सगळं नीट ध्यानात राहील. आम्ही कोल्हापूरचे. इथे पाऊस पडला की तरुण मुलांचे पाय घरात ठरत नाहीत, पन्हाळ्याला जाऊन भाजलेलं कणीस खाल्ल्याशिवाय त्यांना पाऊस पडल्यासारखा वाटत नाही. भाचा असाच निघाला. वाघबिळाच्या वळणावर पुढचा ब्रेक जरा जोरात दाबला आणि गाडी डावीकडे बसली. डोक्यावर हेल्मेट होतं, कोपर सोलवटलं, एवढ्यावर निभावलं. पण गाडी उभी केली तर चाक सरळ आणि हँडल तिरकं! हँडल सरळ धरावं तर चाक उजवीकडे बघतंय. दुसऱ्या दिवशी एका दुकानात गाडी दाखवली. तिथे पाच मिनिटांत कागदावर यादी लिहून मिळाली: टी (म्हणजे हँडलखाली पुढचे शॉकअप पकडून ठेवणारा भाग) बदला, दोन्ही शॉकअप बदला, हँडल बदला. आकडा बघून पोरगं रडकुंडीला आलं. घरी सांगायची सोय नाही, म्हणून माझ्याकडे आला. "मावशी, आईला बोलू नकोस." मी म्हटलं, आईचं नंतर बघू, आधी गाडी घे आणि चल उद्यमनगरात.

उद्यमनगर कोल्हापूरकरांना सांगायला नको. बाहेरगावच्या श्रोत्यांसाठी सांगते, फाउंड्री, लेथ, वेल्डिंग, तेलाच्या इंजिनांचे भाग, असं सगळं हातानं घडवणाऱ्यांची ही वस्ती. (मला नेहमी वाटतं, एखाद्या गायकाला आपण शाल-श्रीफळ देतो, तसं चाळीस वर्षं लेथवर उभ्या राहिलेल्या माणसालाही द्यायला हवं. कानानं आणि बोटांनी काम करणारी माणसं ही. असो.) तिथल्या एका बोळात एक म्हातारे मिस्त्री बसतात. ते टेकून उठले, पण पान्याला हात लावला नाही. गाडी मधल्या स्टँडवर घेतली, समोर उकिडवे बसले, एक डोळा मिटला आणि पुढच्या चाकावरून मागच्या चाकाकडे बघत राहिले. मग सुतळी काढली. मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंनी ताणून पुढच्या चाकापर्यंत आणली आणि दोन्हीकडचं अंतर बघितलं. भाचा चुळबुळत होता. मिस्त्री म्हणाले, "चेसी सरळ हाय. काय बी बदलायचं न्हाई. धर गाडी, पोरा."

मग त्यांनी टीचे नट सैल केले, पुढच्या ॲक्सलचा नट सैल केला, मडगार्डचे बोल्ट सैल केले. सैल केले, काढले नाहीत. भाच्याला समोर उभं केलं, पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरायला लावलं आणि हँडलला उलट्या बाजूला एक झटका द्यायला सांगितलं. दुसऱ्या झटक्याला हँडल आणि चाक एका रेषेत! कारण काही वाकलेलंच नव्हतं. पडताना शॉकअपचे पाइप टीच्या पकडीत थोडे फिरले होते, इतकंच. पाइप वाकलाय का, तेही त्यांनी दाखवलं. पकड सैल असताना पाइप हातानं गोल फिरवला. वाकलेला असता तर फिरताना लटपटला असता. तो जागेवर फिरला. मग शॉकअप दोन-चारदा दाबून बसवले आणि नट आवळले.

भाचा खूश. म्हणाला, आता तेवढा क्लचचा लिव्हर सरळ करून द्या. तो बाहेरच्या बाजूला वाकला होता. मिस्त्रींनी साफ नकार दिला. म्हणाले, "ॲल्युमिनियम हाय त्ये. वरनं सरळ दिसंल, पर आतनं मोडल्यालं असतंय. भर बाजारात हातात यील." नवा लिव्हर काही फार महाग नसतो, तो घातला. बघा, जिथे हजारो रुपये सांगितले होते तिथे काही बदलायला लागलं नाही, आणि जे फुकटात सरळ झालं असतं ते बदलायलाच हवं होतं. हे ज्याला कळतं तो मिस्त्री.

पण गोष्ट इथे संपत नाही. पैसे द्यायला मी पर्स काढली तर म्हणाले, "थांबा ताई." गाडी स्टार्ट केली, न्यूट्रलमध्ये ठेवली आणि हँडल सावकाश उजवीकडे फिरवलं. इंजिनचा आवाज तसाच. डावीकडे फिरवलं, अगदी टोकापर्यंत, आणि इंजिन आपोआप ओरडायला लागलं! ॲक्सिलरेटरला कुणाचा हातही नव्हता. पडताना केबल हेडलाइटच्या मागे अडकली होती. हँडल पूर्ण वळलं की ती ताणली जायची. बाजारात गर्दीत यू टर्न घेताना गाडी पुढे उसळली असती, आणि समोर कोण असतं कुणास ठाऊक. दुकानातल्या त्या यादीत या केबलचं नाव नव्हतं. मिस्त्रींनी ती सोडवून नीट मार्गी लावली, परत दोन्हीकडे वळवून आवाज ऐकला आणि मगच पैसे घेतले.

म्हणून गाडी पडल्यावर तुम्हीही हेच करा. हँडल दोन्ही टोकांना फिरवा, अडकता कामा नये. ॲक्सिलरेटर पिळून सोडा, तो पटकन माघारी यायला हवा, हँडल सरळ असताना आणि वळवलेलं असतानाही. पुढचा आणि मागचा ब्रेक दाबून गाडी ढकलून बघा. पायाचा ब्रेक आत वाकून इंजिनला टेकला असेल तर तो अर्धवट लागलेलाच राहतो आणि ड्रम तापतो. खाली वाकून इंजिनच्या कव्हरला तडा आहे का, ऑइल टपकतंय का, तेही बघा. ऑइल टपकत असेल तर गाडी चालवायची नाही, टेम्पोत घाला. पुन्हा एकदा: हँडल, ब्रेक, ॲक्सिलरेटर.

साडी गार्ड वाकलं की मुलं ते काढूनच टाकतात. कृपा करून असं करू नका. मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकलेला असावा, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांत लिहिलेलं आहे, आणि ते तुमच्या आईच्या पदरासाठी, बहिणीच्या ओढणीसाठी लिहिलेलं आहे. आरशांचंही तसंच. फुटला तर नवा बसवा, आरशाविना गाडी रुबाबदार दिसते हे खूळ डोक्यातून काढा.

हेल्मेट जमिनीवर आपटलं असेल तर तेही बदला, वरून धड दिसलं तरी. आतला थर्माकोलसारखा थर एकदाच दबतो, तो परत फुगत नाही.

वेळ संपत आली, विम्याचं पटकन सांगते. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा पैसा मिळत नाही. पूर्ण विमा असेल तर दुरुस्तीला हात लावण्याआधी फोटो काढा आणि कंपनीला कळवा. पण किरकोळ नुकसानीचा क्लेम करण्याआधी हिशेब मांडा. प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर साधारण ५० टक्के घसारा, म्हणजे भाग जुना झाल्याची वजावट, कापला जातो, आणि एक क्लेम केला की साठलेला नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, जातो. तो पहिल्या वर्षानंतर २० टक्के असतो आणि सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत चढतो. एक इंडिकेटर आणि एका लिव्हरसाठी तो घालवू नका. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याची जोड, विम्यात घेतलेली असेल तर घसारा वाचतो, बोनस मात्र तरीही जातो, हे आधी एजंटकडून समजून घ्या.

नमस्कार.